अपात्र यादीतली मंदा

निरोपसमारंभात मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पाथर्डी तालुक्यातल्या उपकेंद्रात नर्सबाई म्हणून माझं सगळं आयुष्य गेलं होतं. आता घरी बसून घड्याळाकडे बघायचं होतं. चार महिन्यांत स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवून झाल्या, देवघर दोनदा हलवून झालं. सून एक दिवस हळूच म्हणाली, “आई, तुम्ही कुठं काम का बघत नाही?” ती प्रेमानं म्हणाली की वैतागून, हे मी अजून विचारलेलं नाही.

तेवढ्यात पुण्याहून एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. नाव केतकी. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण पहिल्या दिवसापासून मी त्यांना केतकी मॅडम म्हटलं आणि त्यांनी मला लता सिस्टर. त्यांच्या संस्थेला खेड्यातल्या गरोदर बायकांचा अभ्यास करायचा होता आणि तिसगावच्या बाजूच्या वाड्या-वस्त्या पायाखालच्या असलेलं माणूस हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी चपला झटकल्या.

बाहेरच्या माणसासाठी काम थोडक्यात सांगते. गरोदरपणात काही जणींचा रक्तदाब वाढतो, पाय सुजतात, डोकं दुखतं आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर झटके येतात. त्यात आई जाते, कधी मूल जातं, कधी दोघंही. हे कोणाला होईल ते आधी ओळखता येईल का, यावर जगभर अभ्यास चालू असतात. पण ते होतात मोठ्या दवाखान्यांत येणाऱ्या बायकांवर. जी बाई दवाखान्यापर्यंत येतच नाही, तिची माहिती कोणाच्याच कागदावर नसते. मग त्यावरून ठरलेली औषधं आणि नियम तिला लागू पडतील की नाही, हेही कोणाला माहीत नसतं. केतकी मॅडमच्या संस्थेनं ठरवलं होतं की ती येत नसेल तर अभ्यास तिच्याकडे जाईल. मी घरी जाऊन बाईची संमती घ्यायची, रक्तदाब मोजायचा, रक्त तपासायचं, टॅबमध्ये भरायचं. त्यानंतर दर आठवड्याला तिच्या फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज येणार आणि तो चार प्रश्न विचारणार. बाईनं फक्त बटण दाबायचं.

संमतिपत्र लांबलचक होतं, ते मी वाचून दाखवायचे. त्यात एक वाक्य होतं, ‘आपण कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता, सहभाग थांबवू शकता.’ या वाक्यावर बायका थांबायच्या. एकीनं मला पुन्हा वाचायला लावलं.

“कारन न देता? म्हंजी नुसतं न्हाई म्हनायचं?”

“हो.”

“आन कुनी काय बोलनार न्हाई?”

“कोणी काही बोलणार नाही.”

ती म्हणाली, “घरात एकदा करून बगते.”

रेकॉर्ड केलेला आवाज एका पुण्याच्या मुलीचा होता, गोड आणि अतिशय शुद्ध. ‘आपल्या पायांना सूज आहे का? असल्यास एक दाबा, नसल्यास दोन दाबा.’ पहिल्याच महिन्यात मी एका घरी गेले तर गयाबाई नावाची सासू ओट्यावर बसून सुनेची पोटरी चेपत होती. फोन बाजूला बोलत होता.

“काय चाललंय, गयाबाई?”

“ती बाई म्हनतीय ना, सूज आसंल तर एक दाबा. आमी एक दाबला. दुसऱ्याला सूज न्हाई, पर दोन दाबा म्हनली म्हनून त्यो बी दाबला.”

मी हसू आवरलं. खरं म्हणजे पायावर अंगठा दाबून खड्डा पडतो का बघणं, हीच सूज तपासायची जुनी रीत आहे. गयाबाईचं वैद्यकशास्त्र बरोबर होतं, चूक होती ती आमच्या बाईच्या बोलण्यात. मी पुण्याला कळवलं. तिथं सगळे पोट धरून हसले आणि आवाज तसाच राहिला.

आता मंदाकडे येते. तिच्यासाठीच लिहायला बसले आहे.

भाद्रपद संपत आला होता. मंदाची वस्ती डोंगराच्या कडेला, पंधरा-वीस घरांची. घरात ती, नवरा विष्णू आणि सासू. बाई विशीतली, पाचवा महिना, पहिलंच पोट. चेहरा हसरा, बोलणं फटकळ. मी दारात उभी राहिले तेव्हा ती कोंबडीच्या मागं धावत होती. मी ओरडले, “अगं, पोटात बाळ आहे!”

“त्याला बी कोंबडी आवडती, सिस्टर,” ती म्हणाली.

मी टॅब उघडला. नाव, वय, महिना. मग पात्रतेचे प्रश्न आले. स्वतःचा मोबाईल आहे का? नाही, नवऱ्याचा आहे. पुढचे सहा महिने याच पत्त्यावर राहणार का?

“दसरा झाला की आमी कारखान्यावर,” मंदा म्हणाली.

ऊसतोडीला. आमच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू भागातली निम्मीअधिक घरं दसऱ्यानंतर कुलपं लावून जातात. बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरनं, टोळ्यांच्या टोळ्या. चैत्रात परत. मी ‘नाही’ दाबलं आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांत आलं, ‘अपात्र. आभार मानून मुलाखत संपवा.’ त्याच्यापुढं फॉर्म उघडतच नव्हता.

मी आभार मानले. मंदानं विचारलं, “झालं?”

“हो. तू यात बसत नाहीस. तुम्ही इथं राहणार नाही ना.”

“मंग आमी काय गरवार न्हाई का?”

ती चेष्टेत म्हणाली, मीही चेष्टेत घेतलं. चहा प्यायले. निघताना तिचे पाय मला दिसले. घोट्याजवळ किंचित भरल्यासारखे वाटले. माझ्या पिशवीत रक्तदाबाचं मशीन होतं. इतकी वर्षं नर्स होते मी. कोणाच्याही पायाकडे बघितलं की हात आपोआप पिशवीत जायचा. पण टॅबनं मुलाखत संपवली होती, पुढं दोन वस्त्या बाकी होत्या, ऊन चढत होतं. मी मशीन काढलं नाही.

हे मी केतकी मॅडमना कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

चैत्रात टोळ्या परतल्या. मी दुसऱ्या एका घरच्या भेटीसाठी त्या वस्तीवर गेले आणि मंदाच्या दारावरून जाताना बाळ बघावं म्हणून आत डोकावले. मंदा ज्वारी निवडत बसली होती. घरात पाळणा नव्हता, दोरीवर लंगोट नव्हते. मी काही विचारायच्या आत तिच्या सासूनं हातानं खूण केली, विचारू नका.

पण मंदानंच सांगितलं, सुपावरून नजर न काढता. “आठवा लागला हुता. पाय लई सुजले. डोकं आसं ठनकायचं की उसाची कांडी दिसायची न्हाई. मी म्हनलं ऊन लागलं आसंल. एक दिस फडातच पडले. मला काय आठवत न्हाई. ह्ये म्हनत्यात, मी हातपाय झाडले, दातखीळ बसली. मुकादमानंच ट्रॅक्टरात घालून नेली. दवाखाना लांब हुता. मी वाचले.”

“आणि बाळ?”

“पोटातच गेलं. पोरगा हुता.”

सुपातले खडे तिनं एकेक करून बाजूला टाकले. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिनंच मला पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर मी टॅबमधली अपात्रांची यादी उघडली. ती कोणी उघडत नसे, कारण तिचं पुढं काही करायचं नसे. नावं वहीवर उतरवली, पानं भरली. जवळजवळ सगळ्या टोळीवाल्यांच्या बायका. ज्यांना सगळ्यांत जास्त धोका, त्यांनाच मी आभार मानून बाहेर ठेवलं होतं.

पुढच्या महिन्यात पुण्याला आढावा बैठक होती. मला दर वेळी मागच्या खुर्चीवर बसायची सवय. पडद्यावर आलेख दाखवत होते. एका सरांनी आमच्या भागाचं कौतुक केलं. मध्येच अभ्यास सोडून जाणाऱ्या बायका आमच्याकडे फारच कमी होत्या. त्याला ते गळती म्हणतात. ‘तिसगाव भागात गळती जवळजवळ नाहीच,’ सर म्हणाले, आणि दोघा-तिघांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, “सर, जाणार होत्या त्यांना आपण आत घेतलंच नाही. मग गळणार कोण?”

मी वही काढून केतकी मॅडमसमोर ठेवली आणि मंदाचं सांगितलं. पायांची सूज वगळून. त्यांनी एकेक पान उलटलं. सर म्हणाले, स्थलांतर करणाऱ्या बायकांचा पाठपुरावा करणं अवघड असतं, माहिती अर्धवट राहते, अभ्यास कच्चा पडतो. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं.

केतकी मॅडम शेवटी म्हणाल्या, “अर्धवट माहिती चालेल, सर. हे जे आपण दाखवतोय ते पूर्ण आहे, पण अर्ध्या गावाचं आहे.”

त्यानंतरचे महिने त्यांनी कसे काढले ते मला माहीत आहे. संशोधनात एक प्रश्न बदलायचा तरी समितीची परवानगी लागते. बाईला त्रास तर होणार नाही ना, तिची माहिती फुटणार तर नाही ना, हे समिती बघते आणि ते योग्यच आहे. कागद जायचे, शेरे घेऊन परत यायचे. प्रत्येक शेऱ्यावर मॅडम मला फोन करायच्या. “सिस्टर, नवऱ्याच्या फोनवर बाईचे प्रश्न गेले तर?” “नवरा फोन देईल का, हे आधी बाईला एकटीला विचारा,” मी म्हणायचे. “टोळीत नेट असतं का?” “कधी असतं, कधी नसतं. मोजलेलं फोनमध्ये साठून राहू द्या, नेट आलं की जाईल.” शाळेत कधी माझी इतकी उत्तरं बरोबर आली नव्हती.

अखेर फॉर्म बदलला. स्वतःचा फोन हवा ही अट गेली. पत्त्याच्या खाली ‘सध्याचा मुक्काम’ आला. दुसऱ्या एका माणसाचा नंबर घ्यायची सोय आली. फोन कधी यावा ते बाईनं ठरवायचं. रक्तदाबाचं मशीन बाईजवळच ठेवायचं, साध्या सेलवर चालणारं, मोजलं की आकडा फोनमध्ये उतरणारं. आणि बाईची परवानगी असेल तर मोजलं त्या ठिकाणाची नोंदही आपोआप व्हायची.

शिवाय आवाज बदलला. पुण्यात एका खोलीत, चारी भिंतींना गोधड्या लावून, मला बसवलं आणि माझ्याच आवाजात प्रश्न रेकॉर्ड केले. ‘बाई, डोकं दुखतंय का? दुखत आसंल तर फोनवरचं एकचं बटन दाब.’ याचे परिणाम मजेशीर झाले. बायका रेकॉर्डिंगशी बोलायला लागल्या. बटण दाबायच्या आधी मला विचारायच्या, सिस्टर, जेवलात का? एकीनं तक्रार केली की मी फार तुटक बोलते, नीट उत्तर देत नाही.

त्या साली आषाढात मंदाला पुन्हा दिवस गेले. अश्विनात मी तिच्याकडे गेले, टॅब पिशवीतच ठेवला. आधी मशीन काढलं आणि रक्तदाब घेतला. मग म्हटलं, “मंदा, मागच्या खेपेला तुला झटके आले होते. यंदा तोडीला जाऊ नकोस.”

“मी न्हाई गेले तर कोयता आर्धा पडतो, सिस्टर.” नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी टोळीत कोणी घेत नाही. “मी नुस्त्या मोळ्या बांधीन. उचलनार न्हाई. पर जावं तर लागंल.”

मी तिला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या, गरोदरपणाचं कार्ड काढलं आणि प्लॅस्टिकमध्ये घालून दिलं. अभ्यासाचं विचारलं तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

“गेल्या साली तुमच्या मशिनीनं न्हाई म्हनलं. आता कशाला?”

“चूक झाली होती. फॉर्मची. माझीही.”

ती माझ्यापुढं येऊन बसली. मग म्हणाली, “वाचा. समदं वाचा.” मी सगळं वाचलं. ठिकाणाच्या नोंदीचा भाग आला तेव्हा म्हटलं, हे नको असेल तर नाही म्हण, बाकीचं चालू राहील. काही बायका याला घाबरायच्या आणि त्यांचं खरं होतं. मंदा म्हणाली, “कळू द्या कुटं हाय ते. गेल्या साली कुनालाच ठावं नव्हतं आमी कुटं पडलोय.”

फोन विष्णूचा. त्याला समोर बसवून विचारलं तर तो लाजून म्हणाला, “माजा कसला, तिचाच हाय. मी नुसती गानी ऐकतो.” दुसरा नंबर मुकादमाचा लिहिला, त्यांना सगळे आबा म्हणत. फोनची वेळ मंदानं सांगितली, दिवस मावळल्यावर, भाकरी टाकायच्या आधी. पडद्यावर बोटानं सही करताना तिचा ‘म’ तीनदा चुकला. तिनं तीनदा पुसून पुन्हा काढला.

टोळी यंदा संगमनेरकडे गेली, प्रवरेच्या काठी. दर आठवड्याला मंदाची ओळ टॅबवर यायची. कधी दोन दिवस उशिरा, पण यायची. मी ती सगळ्यांच्या आधी बघायचे. डोकं दुखतं का, नाही. सूज, नाही. रक्तदाब ठीक. माघ गेला, फाल्गुन लागला. आठवा महिना. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते.

एके दिवशी सकाळी चहा ठेवला आणि टॅब उघडला. मंदाची ओळ तांबडी होती. आदल्या संध्याकाळची. डोकं दुखतंय, एक. डोळ्यांपुढं अंधारी, एक. रक्तदाब एकशेसाठवर एकशेदहा. खाली सूचना, ‘बाईला संदेश पाठवला आहे : आपल्या गावच्या उपकेंद्रात त्वरित जा.’ गावचं उपकेंद्र तिथून दिवसभराच्या वाटेवर. फॉर्ममधलं इतकं बदललं होतं, पण हे एक वाक्य बदलायचं आम्हा कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

विष्णूचा फोन बंद. पुन्हा लावला, बंद. आबांना लावला. मागं ट्रॅक्टरचा आवाज.

“सिस्टर का? बोला.”

“आबा, मंदा कुठं आहे?”

“फडात. मोळ्या बांधतीय. बरी हाय की, आत्ताच हसत हुती.”

“तिला कामावरून उठवा. सावलीत डाव्या कुशीवर निजवा. मी गाडी पाठवते, तिला आत्ता दवाखान्यात जायला पाहिजे.”

“सिस्टर, गाडी भरायला लागलीय. दुपारी बगू की. बायामान्सांचं डोकं तर रोजच दुखतं.”

माझा स्वर चढत नाही सहसा. त्या दिवशीही चढला नाही. मी म्हटलं, “आबा, गेल्या साली तुमच्याच ट्रॅक्टरात घालून नेली होती ना तिला? तुम्ही स्वतः चालवत होता. तिची अवस्था तुम्ही बघितली आहे, मी नाही. तुम्हीच सांगा, दुपारपर्यंत थांबू?”

पलीकडे नुसता ट्रॅक्टर ऐकू येत राहिला. मग तोही बंद झाला.

“न्हाई,” आबा म्हणाले. “पाठवा गाडी. मी रस्त्याला हुबा ऱ्हातो.”

एकशेआठला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं पत्ता विचारला. उसाच्या फडाला कसला पत्ता? गट नंबर मला माहीत नव्हता, शेताच्या मालकाचं नाव माहीत नव्हतं. पण टॅबवर आदल्या संध्याकाळी मोजलं त्या ठिकाणाचा ठिपका होता. ठिपका मोठा करून मी वाचत गेले, हमरस्ता सोडला की दूध डेअरी, तिच्या मागून कॅनॉलची वाट, पूल, पुलापुढं डावीकडं. ड्रायव्हरलाही तेच पुन्हा सांगितलं. नंतर कळलं, आबा पुलावर उभे राहून डोक्याचा पटका हातात घेऊन हलवत होते.

माझा चहा उतू जाऊन गॅस विझला होता. तो सूनबाईनं बंद केला. मी नगरची एसटी पकडली, तिथून संगमनेरची. एसटीत काही करता येत नाही, नुसतं बसायचं असतं. खिडकीतून ऊस दिसत होता, उभा, तोडलेला, गाड्यांवर लादलेला. प्रत्येक फडात मला बायका दिसत होत्या. एरवी त्या दिसत नाहीत असं नाही, पण त्या दिवशी मी मोजत होते.

दवाखान्यात पोचले तेव्हा दुपार कलली होती. विष्णू व्हरांड्यात उकिडवा बसला होता, अंगाला उसाची बोचरी कूस तशीच चिकटलेली. मला बघून उभा राहिला.

“सुई दिलीय सिस्टर. झटका न्हाई आला. डाक्टर म्हनले, वेळेत आनली.” मग खाली मान घालून म्हणाला, “फोनची ब्याटरी मीच उतरवली हुती. गानी ऐकून.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडला नाही, फक्त नाक पुसलं.

मंदा आत झोपली होती, हाताला सलाईन. डोळे सुजलेले. माझा आवाज ऐकून डोळे न उघडता म्हणाली, “तुमी खऱ्या आलाव, का फोन हाय?”

“खरी आहे.”

“मंग हात धरा.”

दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. मुलगी. इवलीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. कितीतरी दिवस ती पेटीतच होती आणि त्यातले काही दिवस डॉक्टरही काही सांगत नव्हते. मंदा पेटीशेजारी बसून राहायची. टोळी निघून गेली, तोडणी संपली, विष्णू मागं राहिला. चैत्रात तिघं मिळून वस्तीवर परतले.

पुढं अभ्यासाचं काय झालं ते मला थोडंफारच कळतं. स्थलांतर करणाऱ्या बायका आत आल्या तसा आमच्या भागाचा आलेख बिघडला. गळती वाढली, रिकाम्या जागा वाढल्या, रक्तदाब वाढलेल्या बायकांची रेघही वर चढली. पुढच्या बैठकीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सर उठून त्या रेघेपाशी गेले आणि म्हणाले, “हे आपल्याला माहीतच नव्हतं.” माझ्या लेखी तोच त्या कामाचा निकाल होता. केतकी मॅडमनी इंग्रजीत लेख लिहिला, शेवटी आभारात माझं नाव घातलं. सूनबाईनं तो कागद घड्याळाखाली चिकटवलाय.

सगळ्याच ओळी मंदासारख्या संपल्या नाहीत. एकीची ओळ तांबडी झाली तेव्हा नेट नव्हतं, ती माझ्यापर्यंत पोचली चार दिवसांनी. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. तिच्या घरच्यांनी मला दोष दिला नाही, पण मी त्या वस्तीवर गेले की कोणी चहा विचारत नाही. यंत्र आहे म्हणून आम्ही वेळेत पोचू, असं मी त्यांच्या दारात बसून सांगितलं होतं. आता मी असं सांगत नाही. आता सांगते, यंत्र आहे, आणि ते चाललं नाही तर कोणाला फोन करायचा ते हे.

अश्विनात अभ्यास बंद झाला. मशीन परत घ्यायला आणि शेवटचा फॉर्म भरायला मंदाकडे गेले. टोळी निघायला आठवडा उरला होता. मुलगी सहा महिन्यांची झाली होती, आजीच्या मांडीवर बसून सुपाची कड चावत होती. मंदानं मशीन फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, ते हातात दिलं. मी शेवटचे प्रश्न विचारले, ती उत्तरं देत गेली. मग म्हणाली, “थांबा, जाऊ नका.”

घरामागं गेली आणि चार बायका घेऊन आली. चौघी पोटुशा. एक तर पोरसवदा, पदर दातात धरून उभी.

“ह्या समद्या आमच्या टोळीच्या,” मंदा म्हणाली. “यांची बी नावं घाला.”

मला सांगावं लागलं. “मंदा, नवीन नावं घेणं बंद झालं गं. अभ्यास संपला. टॅबसुद्धा उद्या पुण्याला जाणार.”

चौघी माझ्याकडे बघत होत्या. मंदानं ओट्यावरचं पोतं झटकलं आणि माझ्यापुढं पसरलं, बसायला.

मी बसले. टॅब उघडलाच नाही. चौघींचेही रक्तदाब घेतले, पाय बघितले, डोळ्यांच्या पापण्या बघितल्या. एकीचा वाढलेला निघाला, तिला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. चौघींच्या पदराला माझा नंबर चिठ्ठीवर लिहून बांधला. आणि मंदाच्या सासूनं आणून दिलेल्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारल्या, नाव, महिना, मुक्काम, फोन.

पोरसवदा मुलगी पहिली पुढं झाली.

“नाव सांग.”

तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं, मग मुकादमाचं.

“ते मागून लिहू,” मी म्हटलं. “आधी तुझं.”

तिनं दातातला पदर सोडला.